हैदराबादचे फुगे आणि आमची शिवारं

फुगे सोडण्याच्या हंगामात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक निवेदन येतं. त्यात नांदेड, लातूर, परभणी अशी जिल्ह्यांची नावं असतात आणि सूचना असते : पॅराशूटला बांधलेली पेटी शेतात उतरली तर उघडू नका, पोलिसांना कळवा.

निवेदन टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. होमी भाभांनी 1940च्या दशकात वैश्विक किरणांसाठी बंगलोरहून रबरी फुगे सोडले. पुढे 1969 साली हैदराबादेत कायमचा तळ झाला. हायड्रोजन भरलेले हे प्लॅस्टिकचे फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात. तिथं वारा पूर्वेकडून वाहत असला की फुगा आमच्याकडे सरकतो. 1956 साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला, पण वाऱ्याला त्याची वर्दी गेली नसावी.

इतक्या उंच का जायचं? अनेक वायू अवरक्त प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबी गिळतात किंवा सोडतात. कार्बन डायऑक्साइडची 15 मायक्रॉनची, ओझोनची 9.6ची. वर्णपटातल्या या खुणांवरून हात न लावता वायू ओळखता येतो, मग तो मंगळावरचा का असेना. अडचण आपल्याच हवेची. खालची वाफ दूर-अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा अडवते. म्हणून संस्थेची 100 सेंटिमीटर आरशाची दुर्बीण फुग्याला टांगली गेली. 1999पासून तिला जपानी वर्णपटमापक जोडून तारकामेघांतल्या आयनित कार्बनची 158 मायक्रॉनची रेषा मोजली गेली.

दुसरी रीत म्हणजे हवाच बाटलीत धरून आणायची. 1987 साली अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनं जर्मन शास्त्रज्ञांसह हैदराबादहून तसंच केलं : अतिशीत, निर्वात बाटल्यांत वरच्या थरांतली हवा भरून घेतली आणि तीत ओझोनला मारक असे क्लोरोफ्लुरोकार्बन किती, ते मोजलं. मला ही रीत अधिक भावते. तिच्यात शेतकऱ्याला जागा आहे. मोजमापाचे आकडे रेडिओनं खाली येतात. आरसा आणि बाटल्या मात्र कुणाच्या तरी ज्वारीतच पडतात.

अशी पेटी पाहिलेले एक म्हातारे मला भेटले. म्हणाले, "सर, आमाला वाटलं बाम हाय. कुनी जवळ जाईना. पोलीस येस्तोवर पोरायनं छत्रीचं कापड पळविलं."

"आणि पेटी?"

"तिला नाय कुनी हात लावला. रातभर राखण केली की."

विज्ञानाच्या इतिहासात ही राखण मला कुठं नोंदलेली दिसली नाही.