घणसोली : ब्रॉडबँड आणि सरकारी नियमन

घणसोली हे ठाणे जिल्ह्यातील ठाणे–बेलापूर रस्त्यालगतचे आगरी-कोळ्यांचे जुने गाव आता नवी मुंबई महानगरपालिकेत आहे. सिडको या सरकारी संस्थेने शहरासाठी भोवतालच्या जमिनी घेतल्या आणि गावठाण मधे राहिले. दूरसंचार खात्याच्या हिशेबात नवी मुंबई ‘महाराष्ट्र’ सेवाक्षेत्रात येत नाही. ती मुंबईच्या सेवाक्षेत्रात मोडते. त्यामुळे इथला स्पेक्ट्रम, म्हणजे बिनतारी सेवेच्या लहरी, लिलावात मुंबई सेवाक्षेत्रासाठी विकला जातो. इंटरनेटविषयी दिल्लीत झालेल्या दोन मोठ्या वादांतील कंपन्या याच पट्ट्यातल्या होत्या.

पहिला वाद समान इंटरनेटचा. शेजारच्या कोपरखैरण्यातील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीत मुख्यालय असलेल्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकबरोबर मोजकी संकेतस्थळे फुकट दाखवणारी सेवा सुरू केली. आरंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. गरिबाला फुकट म्हणून दिलेले इंटरनेट कंपनीने निवडलेलेच असेल, तर ते इंटरनेट कसले, हा आक्षेप देशभर उमटला आणि तो रास्त होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून दर बदलण्यास मनाई केली. उल्लंघनाला दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड ठरला. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रायच्या व्यापक शिफारशीही स्वीकारल्या. वाहतुकीत भेदभाव न करण्याचे बंधन त्यामुळे परवान्याच्या अटींत आले.

दुसरा वाद परवान्याचा. जून २०१० च्या लिलावात इन्फोटेल ब्रॉडबँड या छोट्या कंपनीने देशातील सर्व २२ सेवाक्षेत्रांचा ब्रॉडबँड स्पेक्ट्रम सुमारे १२,८४८ कोटी रुपयांना घेतला. निकालानंतर लगेच रिलायन्स इंडस्ट्रीजने कंपनीतील ९५ टक्के हिस्सा विकत घेतला. तीच आजची जिओ. तो स्पेक्ट्रम इंटरनेट सेवेसाठी होता, बोलण्यासाठी नव्हे. २०१३ मध्ये १,६५८ कोटी रुपये भरून जिओने एकीकृत परवाना घेतला आणि ती मुभा मिळाली. त्याविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळली. जिओची सेवा प्रथम २७ डिसेंबर २०१५ रोजी कर्मचाऱ्यांसाठी खुली झाली, ती घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून. सर्वांसाठी ५ सप्टेंबर २०१६ पासून. डेटाचे दर कोसळले. आधी विकलेल्या गोष्टीचा उपयोग नंतर पैसे घेऊन वाढवणे मात्र लिलावात हरलेल्यांवर अन्यायच होता.

कॉर्पोरेट पार्कापासून गावठाण जवळ असले तरी त्याचा प्रश्न स्पेक्ट्रमचा नाही, वाटेचा आहे. अरुंद गल्ल्यांत घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. रस्ता खोदून फायबर टाकायला जागा नाही. केबल खांबांवरून आणि गच्च्यांवरून जाते. तारा आणि मनोऱ्यांसाठी जागा वापरू देणाऱ्या मार्गहक्काचे पहिले केंद्रीय नियम नोव्हेंबर २०१६ चे. हवेतून नेलेल्या फायबरसाठी एकरकमी मोबदला किलोमीटरला १,००० रुपयांहून अधिक घेऊ नये, हे ऑक्टोबर २०२१ च्या दुरुस्तीने ठरले. दूरसंचार कायदा २०२३ खाली आलेले नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. खासगी जागेवर मालकाशी करार करावा लागतो. करार झाला नाही आणि सार्वजनिक हितासाठी गरज आहे असे केंद्राला वाटले, तर ते हस्तक्षेप करू शकते. त्याच कायद्याने मनोरे आणि तारा मालमत्तेपासून वेगळ्या मानून मालमत्ता कराबाहेर ठेवल्या. मनोऱ्यांवर असा कर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. म्हणजे परवानगी द्यायची महापालिकेने, पण त्या जाळ्यावर कर घ्यायचा नाही. लोंबत्या केबल आवरायला पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर कायद्यात नाही. ही त्याची मोठी उणीव आहे.

सप्टेंबर २०२३ पासून मिळणाऱ्या जिओ एअरफायबरसारख्या ५जी सेवेला घरापर्यंत तार लागत नाही. गावठाणासाठी ही खरी सोय आहे, पण वेग मनोऱ्यावरील गर्दीवर अवलंबून राहतो.

तारेविना दुसरा मार्ग उपग्रह इंटरनेटचा. त्याचा स्पेक्ट्रम लिलावाविना, प्रशासकीय पद्धतीने द्यायचा, असे २०२३ च्या कायद्यात आहे. जिओची मागणी लिलावाची होती. मे २०२५ मध्ये ट्रायने महसुलाच्या ४ टक्के आकार सुचवला. खालच्या कक्षेतील उपग्रहांच्या स्थिर जोडणीवर शहरी ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये सुचवले. ग्रामीण ग्राहकाला ते माफ. महापालिका हद्दीतील घणसोली गाव या हिशेबात शहरी ठरते.