वळणावरची सेडान: फियाट 1100, स्टँडर्ड हेरल्ड आणि वेगवान मोटारचालनाचा एक दुर्लक्षित इतिहास

महाराष्ट्रातील मोटार-उद्योगाचा इतिहास प्रामुख्याने परवाने, आयात-निर्बंध, भांडवल आणि कामगार चळवळ या अंगांनी लिहिला गेला आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी रस्त्यावर कशी वागली, वेगात वळण घेताना ती चालकाच्या हाती राहत असे की नाही, हा प्रश्न अभियंत्यांचा किंवा हौशी मंडळींचा मानून बाजूला ठेवला गेला. वास्तविक ज्या समाजाला कित्येक दशके दोन-तीन मोटारींतूनच निवड करावी लागत होती, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न जीविताशी निगडित होता. प्रस्तुत लेखात त्याचा एक मर्यादित भाग विचारात घेतला आहे. वेगाने हाकताना चार दारांची सेडान अधिक भरवशाची की दोन दारांची कूपे, हा वाद जगभर चालत आला आहे. भारतीय अनुभव त्याला काय उत्तर देतो, हे येथे पाहावयाचे आहे.

‘कूपे’ हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘कापलेला’ असा होतो. मागची आसने कमी करून आखूड केलेल्या घोडागाडीला हे नाव होते, ते पुढे मोटारीला लाभले. या वादाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण इटलीत सापडते. आल्फा रोमिओ कंपनीने 1962 साली ज्युलिया ही सेडान आणली आणि 1963 साली तिच्याच यंत्रभागांवर ज्युलिया स्प्रिंट जीटी ही कूपे तयार केली. दोहोंचे इंजिन 1570 घनसेंटिमीटरचे, मागील आस दोहोंत अखंड. मात्र पुढील व मागील चाकांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, सेडानमध्ये 2510 मिलिमीटर तर कूपेत 2350 मिलिमीटर होता. आखूड व्हीलबेसची गाडी स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते. परंतु तिची मागील चाके एकदा घसरू लागली की ती तितक्याच चटकन फिरते आणि चालकाला सावरण्यास अवधी कमी मिळतो. लांब व्हीलबेसची गाडी वळणास किंचित आळशी असते, पण घसरण्यापूर्वी पुरेशी सूचना देते. छत बसके असल्याने कूपेचा गुरुत्वमध्य खाली राहतो व वळणावर बाहेरच्या चाकांवर येणारा भार काहीसा घटतो. दारांची भगदाडे कमी असल्यामुळे सांगाडाही सामान्यतः अधिक ताठ राहतो. कूपेच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे एवढेच, आणि यांपैकी एकही दारांच्या संख्येशी थेट बांधलेला नाही.

भारतात ही तुलना घडून येण्यास वावच नव्हता. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला आणि प्रवासी मोटारींचे क्षेत्र मुख्यतः तीन उत्पादकांकडे राहिले: कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स आणि मुंबईतील कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. यांपैकी प्रीमियरची स्थापना सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली केली होती. मोटार ही कुटुंबाची, कार्यालयाची किंवा टॅक्सीची वस्तू होती. दोघांपुरती गाडी काढण्याची चैन या व्यवस्थेत बसणारी नव्हती. तरीही कूपेच्या जवळ जाणारी एक गाडी या तिघांत होती, आणि तिची कुर्ल्याच्या फियाटशी तुलना उद्बोधक ठरते.

1960 च्या दशकाच्या आरंभी मद्रासला तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेरल्ड ही इंग्लंडमधील ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती. ती दोन दारांची होती. तिचा व्हीलबेस सुमारे 2324 मिलिमीटर होता. कुर्ल्यात 1964 पासून ‘डिलाइट’ म्हणून निघालेली फियाट 1100 ही चार दारांची सेडान, आणि तिचा व्हीलबेस 2340 मिलिमीटर. दोन गाड्यांत अवघे सोळा मिलिमीटरचे अंतर! किंबहुना कुर्ल्याची ही घरगुती सेडान आल्फा रोमिओच्या कूपेपेक्षाही दहा मिलिमीटरने आखूड होती. बाह्य रूपावरून केलेले वर्गीकरण किती फसवे असते, याला याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

मग फरक कोठे होता? तो मागील चाकांच्या मांडणीत होता. हेरल्डची मागील चाके स्वतंत्र होती. प्रत्येक चाकाचा अर्धा आस मधल्या डिफरन्शिअलपाशी सांध्यावर झुले आणि दोहोंवर एकच आडवा पाटा बसवलेला असे. सरळ खडबडीत रस्त्यावर ही रचना आरामदायी होती. परंतु वेगात वळण घेताना चालकाने अचानक ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की गाडीची मागील बाजू उचलली जाई, बाहेरचे चाक आत दुमडू लागे आणि टायरची पकड ऐन गरजेच्या क्षणी सुटे. घाबरलेला माणूस जे स्वाभाविकपणे करतो, नेमके तेच येथे घातक ठरे. याच चासीवर ट्रायम्फने 1966 साली जीटी6 ही सहा सिलिंडरची खरीखुरी कूपे काढली. तिच्यावर याच दोषासाठी इतकी टीका झाली की 1968 च्या सुधारित आवृत्तीत मागील रचना बदलावी लागली. बसके छत आणि आखूड बांधा तिला वाचवू शकले नाहीत.

फियाटची मागील बाजू याच्या तुलनेत जुनाट म्हणावी अशी होती. अखंड आस आणि दोन्ही बाजूंस पाटे. एका चाकाला खड्डा लागला की दुसऱ्यालाही त्याचा हिसका बसे. मात्र दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडलेली असल्यामुळे वळणावर ती रस्त्यावर उभीच राहत. सुमारे 40 अश्वशक्तीचे 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन पुढे, ओढ मागील चाकांना, वजन नऊशे किलोग्रॅमच्या आसपास, आणि चासी व बॉडी एकसंध. अशी गाडी वळणात हेलकावते, झुकते, टायर कुरकुरतात, पण ती काय करणार आहे हे चालकाला आधी कळते. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरत, तेथे फियाट 1100 दीर्घकाळ स्पर्धकांची आवडती राहिली. गाडी स्वस्त व सहज मिळणारी होती हे त्याचे एक कारण खरे. परंतु सीमेपर्यंत ताणूनही विश्वासघात न करणे हा तिचा गुणही त्यात धरला पाहिजे.

स्टँडर्डने पुढे हेरल्डला चार दारे दिली. ही आवृत्ती भारतापुरतीच होती. दारे वाढली, मागील आस मात्र तोच राहिला. तेव्हा सेडान झाल्याने तिचा स्वभाव पालटण्याचे कारण नव्हते. 1970 च्या दशकाच्या आरंभी आलेल्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये झुलता आस काढून अखंड आस बसवण्यात आला. असा आस गावोगावच्या मिस्त्रींना दुरुस्तीस सोपा असे, ही बाबही येथे दुर्लक्षून चालणार नाही. तथापि मद्रासची गाडी अखेर कुर्ल्याच्या गाडीच्या रचनेकडे वळली, ही वस्तुस्थिती उरतेच.

गाडीचा गुणदोष रस्त्यावाचून ठरत नाही. यासाठी वसई तालुक्याचा भूगोल लक्षात घेण्याजोगा आहे, कारण तेथे लोहमार्गाच्या दोन बाजूंस दोन भिन्न प्रकारचे रस्ते आहेत. पूर्वेस तुंगारेश्वरच्या डोंगरपायथ्याने मुंबई–अहमदाबाद महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक 8 होता, 2010 च्या फेरक्रमांकनानंतर तो 48 झाला. पश्चिमेस निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या बाजूला वाड्यांमधून गेलेल्या अरुंद, काटकोनात वळणाऱ्या वाटा आहेत. पश्चिमेच्या अशा वाटांवर हेरल्डसारखी गाडी सरस ठरावी, केवळ 7.6 मीटर व्यासाच्या वर्तुळात ती पूर्ण वळत असे आणि फियाटला तेवढ्यात वळणे शक्य नव्हते. महामार्गावर मात्र पुढचा ट्रक अकस्मात आडवा आला, चालकाने पाय उचलून स्टिअरिंग फिरवले, की झुलत्या आसाचा दोष उघडा पडणार. एकाच तालुक्यात तीच गाडी सकाळी गुणी व दुपारी धोकादायक ठरू शकते. शर्यतीच्या मैदानावरील निष्कर्ष जसेच्या तसे रस्त्यावर लावणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेतलेली दिसत नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. फियाट 1100 ही 1970 च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली आणि याच नावाने मुंबईची टॅक्सी म्हणून रूढ झाली. 1985 मध्ये प्रीमियरने 118 एनई ही निस्सान इंजिनाची सेडान आणली. उदारीकरणानंतर वेगवान सेडानचे केंद्र कुर्ल्याहून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व चाकणकडे सरकले. औरंगाबादला जुळणी होणारी स्कोडा ऑक्टाव्हिया दिसायला सेडान, पण तिचे मागील झाकण काचेसह उघडते. म्हणजे काटेकोर अर्थाने ती सेडानही नव्हे. चाकणच्या व्हेंटो सेडानवर 2015 पासून स्वतंत्र शर्यतमालिका भरवली गेली. मागील व मधल्या भागात इंजिन असलेली डीसी अवंती ही दोन आसनी कूपे 2012 च्या दिल्ली वाहन प्रदर्शनात दाखवली गेली, परंतु ती मोजक्याच ग्राहकांपर्यंत पोहोचली. दरम्यान 2004 मध्ये मर्सिडीजच्या सीएलएसने चार दारांच्या गाडीलाच कूपे म्हणण्याचा पायंडा पाडला होता.

तो पायंडा महाराष्ट्रात 2024 साली पोहोचला. पुण्याजवळील रांजणगावला तयार होणारी टाटा कर्व्ह ‘एसयूव्ही कूपे’ म्हणून बाजारात आली. चार दारे, उंच बांधा, जमिनीपासून भरपूर अंतर. छताचा मागील उतार तेवढा जुन्या कूपेचा आहे. त्याआधी एक वर्ष, ऑक्टोबर 2023 मध्ये, ताडदेव परिवहन कार्यालयात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली होती.