शिशाच्या शिपायाचे भय

बुद्धिबळातील प्याद्याला भय ठाऊक नसते. ढकलावे तिकडे ते जाते आणि मारले गेले की पटाबाहेर निमूट पडून राहते. भारतातून इराण व अरबस्तानमार्गे युरोपात गेलेल्या या खेळाला १७८० साली जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेल्विग याने युद्धशिक्षणाचे रूप दिले. पण प्याद्याचा निर्भयपणा कायम राहिला. पुढे प्रशियाच्या तोफखान्यातील रायस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या खेळाची सुधारणा करून १८२४ मध्ये नवे नियम प्रसिद्ध केले. चौकटी जाऊन १:८००० प्रमाणाचा नकाशा आला, दोन मिनिटांची एक खेळी ठरली, पंच आला आणि फासाही आला. हा फासा मुख्यतः पडलेल्या माणसांचा हिशेब सांगे. उरलेल्यांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न बहुतांशी पंचाच्या विवेकावर सोडलेला होता.

१९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 'लिटल वॉर्स' लिहून हा खेळ घरातल्या जमिनीवर आणला. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी सुटे आणि जो शिपाई आडवा होई तो मेला. शेजारचा मात्र मान न वळवता उभा! पुढच्याच वर्षी युरोपातील खरे शिपाई खंदकांत शिरले, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

माराखाली माणूस कसा वागतो याची पद्धतशीर विचारपूस त्यापूर्वीच झाली होती. फ्रेंच कर्नल आर्दां द्यु पिक याने सहकाऱ्यांना प्रश्नावली पाठवून प्रत्यक्ष लढाईतील वर्तन टिपण्याचा उद्योग आरंभिला. १८७० च्या युद्धात तो मेट्झजवळ जखमी होऊन मरण पावला आणि त्याचे लेखन मागाहून ग्रंथरूप झाले. सैन्य मरण्याआधी मोडते, हे त्याच्या विवेचनाचे सार. विश्वासराव पडल्यानंतरचे पानिपत ज्यांच्या स्मरणात आहे, त्या मराठी वाचकाला ते निराळे सांगावयास नको. १९४७ मध्ये अमेरिकन लेखक मार्शल याने तर चकमकीत चौथा हिस्सा शिपाईसुद्धा बंदूक झाडत नाहीत असे प्रतिपादिले. त्याच्या आकड्यांवर पुढे इतिहासकारांनी गंभीर आक्षेप घेतले. तथापि खेळाचे नियम रचणाऱ्यांच्या मनात शंकेचे बीज पडले ते पडलेच.

दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात राहिलेल्या डोनाल्ड फेदरस्टोन याच्या १९६२ च्या 'वॉर गेम्स' या पुस्तकात मनोधैर्याला स्थान मिळाले. जॉन हिल याच्या 'स्क्वाड लीडर' (१९७७) या पटावरील खेळात धैर्याच्या परीक्षेत नापास झालेली तुकडी 'मोडते'. तिची सोंगटी उलटी केली जाते. ती मेलेली नसते, पण गोळी झाडू शकत नाही. नायकाने सावरेपर्यंत ती आडोसा शोधते. मेलेला आणि धडधाकट यांच्या मधला हा तिसरा शिपाई फार उशिरा जन्मला.

त्याचे सर्वांत मार्मिक चित्र आर्टी कॉनलिफ याच्या १९९६ च्या 'क्रॉसफायर' या नियमावलीत दिसते. येथे फूटपट्टी नाही आणि ठरावीक खेळ्याही नाहीत. आपले काही फसेपर्यंत एकच बाजू खेळत राहते. गोळीबाराचा परिणाम पायरीपायरीने होतो. प्रथम पथक जागीच खिळते. ते झाडू शकते, हलू शकत नाही. मार वाढला की दबते. मग हलणेही नाही, झाडणेही नाही. नाश ही शेवटची पायरी. त्यामुळे शत्रूला आधी दाबून ठेवावे आणि मगच उघड्यावरून धावावे, हा पायदळाचा जुना धडा खेळाडूला उपदेशावाचून शिकावा लागतो. काही खेळाडूंना हे रुचत नाही. हुकूम देऊनही शिपाई उठू नये, हा त्यांना अन्याय वाटतो. वास्तविक नियमाची खरी कमाई तीच. दबलेल्या पथकाला सावरण्यासाठी फासा टाकावा लागतो. पलटणीचा नायक जवळ असेल तर यशाची आशा थोडी वाढते. फासा उलटा पडला तर पथक तसेच जमिनीला चिकटून राहते आणि डाव प्रतिपक्षाच्या हाती जातो.