मुलाच्या वेशातील मुली : प्रथा, कारणे आणि परिणाम

रायपूर : छत्तीसगढची पंडवानी गायनपरंपरा ज्या महाभारतावर उभी आहे, त्यात शिखंडीची कथा येते. पुत्राची आस लागलेल्या पांचालनरेश द्रुपदाने कन्या जन्मल्याचे लपवले, तिच्यावर पुत्राचे संस्कार केले आणि दशार्णराजाच्या कन्येशी तिचा विवाहही लावला. सत्य उघड होताच युद्धाचे संकट ओढवले. स्थूण यक्षाने आपले पुरुषत्व दिले, म्हणून ते टळले. प्रत्यक्षात अशा मुलींच्या मदतीला कोणी यक्ष येत नाही.

अफगाणिस्तानात या प्रथेला ‘बाचा पोश’ म्हणतात. मुलगा नसलेल्या घरात एका मुलीचे केस कापून तिला मुलाचा वेश आणि अनेकदा मुलाचे नाव दिले जाते. ती बाजारहाट करते, दुकानात राबते, बहिणींना सोबत करते. अशाने पुढचे अपत्य मुलगा होईल, असाही समज आढळतो. वयात येताच मात्र बहुधा तिला पुन्हा मुलीचा वेश घ्यावा लागतो आणि मिळालेली मोकळीक संपते. सिद्दिक बरमक यांच्या ‘ओसामा’ (२००३) या चित्रपटाचा विषय असेच वेशांतर आहे.

महाराष्ट्रात पुत्रमोहाची खूण नावातून उमटली. मुलगा हवा असताना जन्मलेल्या मुलींची नावे ‘नकुशी’ ठेवली जात. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. एकीकडे वेश बदलला, दुसरीकडे नावच नकाराचे ठरले. मुळाशी वंश, वारसा, हुंडा आणि वृद्धापकाळाचा आधार हीच कारणे आहेत.

२०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४, तर छत्तीसगढमध्ये ९६९ होती. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने प्रतिबंध केला. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला.

पंडवानीची कापालिक शैली, म्हणजे उभे राहून केलेले सादरीकरण, पुरुषांचीच मानली जाई. तीजनबाईंनी ती साडी नेसूनच आत्मसात केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण सन्मान मिळाला.