केडगावची ‘मुक्ती’ आणि देवाचे प्रतिरूप

बारामती व इंदापूर या अवर्षणप्रवण तालुक्यांच्या शेजारी, पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या ‘मुक्ती’ आश्रमात ‘देवाचे प्रतिरूप’, म्हणजे प्रत्येक मनुष्यात निर्मात्याने ठेवलेले आपले साम्य, ही बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या पुस्तकातील कल्पना रोजच्या व्यवहारात उतरली. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत निराधार झालेल्या स्त्रियांना तेथे केवळ अन्न मिळाले नाही, तर त्या विणकाम, शेती व छापखान्यात खिळे जुळवण्याचे कामही शिकल्या, आणि अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल शिकवले. कोणत्याही प्रवचनापेक्षा हा परिपाठ अधिक बोलका होता, असे म्हणावे लागते. रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर (१९२२) आश्रमाच्याच छापखान्यातून १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.