सुवर्ण अस्वल कोणालाच नाही: बर्लिन १९७० आणि परीक्षकांचा राजीनामा

१/
जुलै १९७०चा पहिला आठवडा. पश्चिम बर्लिनमध्ये विसावा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू होता. सर्वोच्च सन्मान, म्हणजे ‘सुवर्ण अस्वल’, कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी आठ देशांतील नऊ परीक्षक जमले होते. त्यांनी तो कोणालाच दिला नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि स्पर्धा निकालाविना संपली. कारण होते एक कृष्णधवल जर्मन चित्रपट. हा धागा त्या परीक्षकांविषयी.

२/
महोत्सवाचा परीक्षक हा पगारी अधिकारी नसतो. तो दहा-बारा दिवसांचा पाहुणा असतो: कोणी दिग्दर्शक, कोणी अभिनेत्री, कोणी समीक्षक, कोणी निर्माता. स्पर्धेतील चित्रपट त्याने निवडलेले नसतात. ते काम निवड समितीचे. समोर आलेल्यांतून श्रेष्ठ कोणता, एवढेच त्याने सांगायचे. या छोट्याशा अधिकाराला इतिहासात दोन मोह पडले. पहिला, यजमान सत्तेपुढे मान तुकवण्याचा. दुसरा, अधिकाराची हद्द ओलांडून स्वतःच सत्ता होण्याचा.

३/
पहिल्या मोहाची कथा व्हेनिसची. जगातील हा सर्वांत जुना चित्रपट महोत्सव १९३२ साली सुरू झाला, तेव्हा परीक्षक मंडळ नव्हतेच. प्रेक्षकांनीच कौल दिला. पण इटलीत मुसोलिनीची राजवट होती. १९३४पासून सर्वोच्च चषकाला त्याचेच नाव मिळाले: ‘मुसोलिनी चषक’. १९३६मध्ये प्रथमच आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ नेमले गेले. मंडळ आंतरराष्ट्रीय, चषक मात्र हुकूमशहाच्या नावाचा, अशी ती रचना होती.

४/
याच व्हेनिसमध्ये १९३७ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ दाखवला गेला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाची तिथे विशेष दखल घेतली गेली. भारतीय चित्रपटाला परदेशी महोत्सवात मिळालेल्या पहिल्या मोठ्या मान्यतांपैकी ही एक. देहूच्या निःसंग संतकवीचा गौरव मुसोलिनीच्या इटलीत व्हावा, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग.

५/
पुढच्याच वर्षी, १९३८ला, मुखवटा गळून पडला. मुसोलिनी चषक दोन चित्रपटांना मिळाला. एक होता लेनी रीफेनश्टालचा ‘ऑलिंपिया’, नाझी जर्मनीने भरवलेल्या १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचे भव्य चित्रण. दुसरा होता इटालियन चित्रपट ‘लुचानो सेर्रा, पिलोता’. त्याच्या निर्मितीवर देखरेख होती खुद्द मुसोलिनीचा पुत्र व्हित्तोरियो याची. निकाल कोठून आला हे उघड होते. ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्सच्या परीक्षकांनी निषेध करून माघार घेतली.

६/
त्या फ्रेंच प्रतिनिधींत फिलिप एर्लांजे होते. परतीच्या प्रवासातच त्यांच्या मनात राजकीय दडपणापासून मुक्त अशा महोत्सवाची कल्पना आकाराला आली. त्या महोत्सवाचे नाव कान. उद्घाटन ठरले १ सप्टेंबर १९३९ या दिवशी. त्याच पहाटे हिटलरने पोलंडवर आक्रमण केले. पहिला महोत्सव अखेर सप्टेंबर १९४६मध्ये भरला. तिथे सर्वोच्च पुरस्कार अकरा चित्रपटांत वाटला गेला आणि त्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता.

७/
आता बर्लिन. हा महोत्सव १९५१मध्ये सुरू झाला, तो विभागलेल्या शहराच्या पश्चिम भागात. त्यामागे अमेरिकी लष्करी प्रशासनाचे चित्रपट अधिकारी ऑस्कर मार्टे यांचा पुढाकार होता. साम्यवादी पूर्वेच्या अगदी दारात पश्चिमेची ‘खिडकी’ उघडायची, हा हेतू कोणी लपवला नव्हता. सोव्हिएत चित्रपटाला इथे प्रवेश मिळायला १९७४ साल उजाडावे लागले.

८/
आरंभीची काही वर्षे इथेही पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांवर ठरत. १९५६मध्ये निर्मात्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फियाप्फ’ने, बर्लिनला प्रथम श्रेणीचा दर्जा दिला आणि आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ आले. दोनच वर्षांनी, १९५८मध्ये, अमेरिकी दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला रौप्य अस्वल दिले. पण दर्जासोबत महासंघाचे नियमही आले होते. त्यांतला एक असा: महोत्सवाने राष्ट्राराष्ट्रांतील सामंजस्य वाढवावे. वाक्य निरुपद्रवी दिसते. बारा वर्षांनी तेच वाक्य शस्त्र झाले.

९/
दरम्यान काळ बदलला. मे १९६८मध्ये फ्रान्समध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले. कानमध्ये लुई माल, रोमान पोलान्स्की, मोनिका व्हिट्टी आणि टेरेन्स यंग या परीक्षकांनी राजीनामे दिले. महोत्सव मध्येच गुंडाळावा लागला आणि पुरस्कार झाले नाहीत. व्हेनिसने तर १९६९पासून स्पर्धाच थांबवली. तिथला सुवर्ण सिंह परतला तो १९८०मध्ये. चित्रपटांना क्रमांक देण्याचा अधिकार मुळात कोणाला, हा प्रश्न युरोपभर विचारला जात होता.

१०/
१९७०च्या बर्लिन मंडळाचे अध्यक्ष होते जॉर्ज स्टीव्हन्स. ‘शेन’, ‘जायंट’, ‘द डायरी ऑफ ॲन फ्रँक’ हे त्यांचे चित्रपट. पण त्यांची आणखी एक ओळख होती. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याच्या चित्रीकरण पथकाचे प्रमुख होते. डाखाउ छळछावणी मुक्त झाली तेव्हा तिथले दृश्य त्यांच्या पथकाने टिपले. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेला छळछावण्यांवरील माहितीपट न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखवला गेला. युद्धगुन्ह्याची साक्ष पडदा कशी देतो, हे त्यांच्याइतके जाणणारे दिग्दर्शक विरळाच.

११/
मंडळात इटलीचे दिग्दर्शक आल्बेर्तो लात्तुआदा, ब्रिटिश अभिनेत्री बिली व्हाइटलॉ, ब्राझीलचे दिग्दर्शक डेव्हिड नेव्हेस अशी मंडळी होती. आणि होते युगोस्लाव्हियाचे दुशान माकावेयेव: अडतिशीच्या आतले, साम्यवादी देशातून आलेले, पण कोणत्याच अधिकृत विचाराच्या साच्यात न बसणारे बंडखोर दिग्दर्शक.

१२/
वादाचा चित्रपट होता ‘ओ.के.’, दिग्दर्शक मिखाएल फेरहोफन. त्याचा आधार सत्य घटनेचा. नोव्हेंबर १९६६मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या गस्ती तुकडीने एका तरुण मुलीला गावातून पळवले, तिच्यावर बलात्कार केला आणि तिला ठार मारले. तुकडीतील एकाने भाग घेण्यास नकार दिला आणि नंतर तक्रार केली. पुढे लष्करी न्यायालयात खटले चालले. १९६९मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आलेल्या डॅनियल लँग यांच्या दीर्घ लेखामुळे ही घटना सर्वदूर पोहोचली.

१३/
फेरहोफन यांनी व्हिएतनाम उभे करण्याचा प्रयत्नच केला नाही. चित्रीकरण बव्हेरियाच्या जंगलात झाले. नट आरंभी स्वतःची ओळख करून देतात, मग सैनिकांचे गणवेश चढवतात आणि बव्हेरियन बोलीत बोलू लागतात. मुलीच्या भूमिकेत होती किशोरवयीन एफा माटेस. ब्रेश्टच्या रंगभूमीशी नाते सांगणारी ही पद्धत प्रेक्षकाला परदेशी युद्धाकडे दुरून पाहू देत नाही. हे सैनिक जर्मनही असू शकतात, हे जर्मन प्रेक्षकाला त्याच्याच बोलीत ऐकावे लागते.

१४/
स्टीव्हन्स यांनी आक्षेप घेतला तो नेमका त्या नियमावर बोट ठेवून: हा चित्रपट राष्ट्राराष्ट्रांतील सामंजस्याला हातभार लावत नाही. मंडळातील बहुमत त्यांच्यासोबत गेले आणि हा चित्रपट नियमांत बसतो का, असा प्रश्न त्यांनी महोत्सवापुढे ठेवला. म्हणजे ‘ओ.के.’ला पुरस्कार द्यावा की नाही यावरचा हा वाद नव्हता. तो स्पर्धेत असावाच का, हे परीक्षक विचारत होते. निवड समितीने जे आधीच ठरवले होते, ते उलटवण्याचा हा प्रयत्न होता.

१५/
माकावेयेव यांना ते मान्य नव्हते. मंडळाच्या चर्चा बंद दाराआड राहाव्यात हा संकेत बाजूला ठेवून त्यांनी चित्रपटाची बाजू जाहीरपणे घेतली. फेरहोफन यांचे म्हणणे होते की, चित्रपट अमेरिकाविरोधी नाहीच. असंख्य अमेरिकी नागरिक स्वतः या युद्धाच्या विरोधात आहेत आणि चित्रपट त्यांच्याच बाजूने बोलतो. पत्रकार परिषदा वादळी झाल्या, इतर चित्रकर्मींनीही निषेध केला. सेन्सॉरशिप हा शब्द बर्लिनभर घुमू लागला.

१६/
अखेर मंडळ पायउतार झाले. त्याची किंमत निर्दोष चित्रपटांनीही मोजली. स्पर्धेत बेर्नार्दो बेर्तोलुच्ची यांचा ‘द कन्फॉर्मिस्ट’ होता. फॅसिस्ट इटलीत ‘सर्वसामान्य’ ठरण्यासाठी सत्तेपुढे वाकत जाणाऱ्या माणसाची ती कथा. राइनर व्हेर्नर फासबिंडर यांचाही चित्रपट स्पर्धेत होता. कोणालाच काही मिळाले नाही.

१७/
स्टीव्हन्स यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण इतिहास तितका सोपा नाही. परीक्षकालाही विवेक असतो. १९३८मध्ये व्हेनिस सोडणाऱ्यांनी तोच वापरला होता. फरक कुठे? व्हेनिसच्या परीक्षकांनी अन्यायाच्या निकालाला आपले नाव द्यायचे नाकारले. बर्लिनच्या बहुमताने मात्र दुसऱ्याच्या कलाकृतीला उभे राहण्याची जागा नाकारू पाहिली. पहिल्या कृतीत परीक्षकाने स्वतःचा हक्क सोडला. दुसरीत इतरांचा हक्क काढून घ्यायचा प्रयत्न केला. डाखाउची साक्ष जगापुढे ठेवणाऱ्या माणसाकडून हे घडावे, यात या प्रकरणाची खरी शोकांतिका आहे.

१८/
राखेतून काहीतरी उगवलेही. १९७१मध्ये बर्लिनमध्ये ‘नव्या चित्रपटांचा आंतरराष्ट्रीय मंच’ सुरू झाला. उलरिश आणि एरिका ग्रेगोर व त्यांचे सहकारी १९६३पासून चित्रपटप्रेमींची एक संस्था चालवत होते. १९७०च्या जानेवारीत त्यांनी ‘आर्सेनाल’ हे छोटे चित्रपटगृह उघडले होते. या स्वतंत्र गटाकडेच मंचाची निवड सोपवण्यात आली. मुख्य स्पर्धेने दूर ठेवलेला राजकीय, प्रायोगिक, कमी खर्चाचा चित्रपट इथे आला. मंचाने स्वतःची स्पर्धाच ठेवली नाही. क्रमवारीऐवजी प्रदर्शनानंतरच्या चर्चेला तिथे मान होता.

१९/
व्हिएतनामने बर्लिनला पुन्हा गाठले, ते १९७९मध्ये. या वेळी चित्रपट अमेरिकी होता, ‘द डिअर हंटर’, आणि तोही स्पर्धेबाहेर दाखवला जात होता. व्हिएतनामी जनतेची यात बदनामी आहे, असे म्हणत सोव्हिएत शिष्टमंडळ निघून गेले आणि इतर समाजवादी देशही. चेकोस्लोव्हाकियाच्या व्हेरा खितिलोव्हा आणि हंगेरीचे पाल गाबोर या परीक्षकांनी मंडळ सोडले. आक्षेपाची दिशा उलटी, युक्तिवाद जवळपास तोच. पण महोत्सवाने चित्रपट मागे घेतला नाही. उरलेल्या परीक्षकांनी काम पुरे केले आणि सुवर्ण अस्वल पेटर लिलियेंटाल यांच्या ‘डेव्हिड’ला मिळाले.

२०/
गोव्याचा इफ्फी असो वा पुण्याचा पिफ, परीक्षकांची नावे आपण बहुधा घाईने ओलांडतो. ती थांबून वाचावीत.
फेरहोफन १९९०मध्ये ‘द नॅस्टी गर्ल’ घेऊन बर्लिनच्या स्पर्धेत परतले. एका जर्मन गावाचा नाझी भूतकाळ खणून काढणारी तरुणी आणि तिला गप्प करू पाहणारे प्रतिष्ठित गावकरी, असा त्याचा विषय. वीस वर्षांपूर्वी ज्या महोत्सवात त्यांच्या चित्रपटाची जागाच नाकारली जात होती, तिथल्याच परीक्षक मंडळाने या वेळी त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे रौप्य अस्वल दिले.