कीरवाणी

कीर म्हणजे पोपट, वाणी म्हणजे बोली. हा राग दक्षिणेतून हिंदुस्थानी मैफलीत आला आणि गाणाऱ्यांच्या तोंडी ‘किरवाणी’ झाला. गांधार-धैवत कोमल, बाकी सगळे स्वर शुद्ध. पोपटाला इथे आणले आहे ते मुख्यतः त्याच्या अक्षरांसाठी. कटपयादी पद्धतीत क म्हणजे १, र म्हणजे २. आकडा उलटा वाचायचा, की २१. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्ता (जनक) रागांतला हा एकविसावा! आपल्या यमनाचे स्वर तिकडे कल्याणीत सापडतात. तिच्यामागे ‘मेच’ लावले, कारण म ५, च ६, म्हणून मेळ ६५. नुसत्या नावावरून मेळाचा क्रमांक आणि क्रमांकावरून त्याचे सगळे स्वर हाती यावेत, ही योजना मला फार देखणी वाटते.

बारामतीकरांना तर ती परकी वाटूच नये. अक्षरांना अर्थापलीकडचे काम लावणारे कवी मोरोपंत (१७२९–१७९४) त्यांच्याच गावचे. त्यांच्या निरोष्ठरामायणात ओठाला ओठ लागेल असे प, फ, ब, भ, म हे वर्णच नाहीत. म्हणजे सबंध रामकथा सांगायची, आणि ‘राम’ एवढा शब्द वापरायची सोय नाही!